पडद्याला हात लावू नका

माझी नोकरी नेमकी कसली, हे माझ्या सासऱ्यांना शेवटपर्यंत उमगलं नाही. पाहुण्यांना ते सांगायचे, "जावई हवामानात हायेत. रोज दोन टायमाला फडका भिजवतात." पाहुणे हसायचे आणि मी मान खाली घालून पोहे खायचो. पण म्हातारा खोटं बोलत नव्हता. एकतीस वर्षं मी रोज सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी साडेपाचला एका पांढऱ्या लाकडी पेटीचं दार उघडलं, आतले तापमापक वाचले, वहीत आकडे लिहिले आणि दार लावलं. त्यातल्या एका तापमापकाच्या बुडाला मलमलीचं फडकं बांधलेलं असतं आणि ते कायम ओलं राहावं लागतं. माझी निम्मी नोकरी ते फडकं ओलं आणि स्वच्छ ठेवण्यात गेली.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन तापमापक शेजारी शेजारी, एक कोरडा, एक ओला. हवा कोरडी असेल तर फडक्यातलं पाणी भराभर उडतं आणि ओला तापमापक गार पडतो. हवेत आधीच पाणी भरलेलं असेल तर फडक्यातलं पाणी उडायला जागाच नसते, मग दोघांचे आकडे जवळजवळ येतात. चैत्रात माठातलं पाणी गार लागतं आणि श्रावणात तेच कोमट लागतं, त्यातलाच हा प्रकार. दोन आकड्यांतल्या फरकावरून कोष्टकात बघायचं आणि हवेत ओल किती ते लिहायचं. सोपं वाटतं. पण फडकं चार दिवस जास्त राहिलं, त्यावर धूळ बसली, बाटलीत विहिरीचं जड पाणी भरलं की आकडा खोटा पडतो, आणि खोटा पडला हे कोणाला कळतही नाही. आमच्या कामात चूक ओरडत नाही.

आमचं केंद्र शहापूरहून किन्हवलीमार्गे मुरबाडकडे जाताना एका माळावर आहे. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण या हकिकतीत जे बिघडलं ते माझ्या हातून बिघडलं, संस्थेच्या नव्हे. संपादकांनी मला यंत्राबद्दल लिहा म्हणून सांगितलं होतं. मी यंत्राबद्दल लिहितोच आहे, पण खरं सांगायचं तर हा लेख हेव्याचा आहे. मी एका यंत्राचा हेवा केला आणि ते यंत्र सांभाळणाऱ्या बाईचा त्याहून जास्त केला.

यंत्र येण्याआधी या पट्ट्यात माझा मान होता. मुरबाडच्या अंगाला बाळाराम म्हणून एक वीटभट्टीवाला आहे. कच्ची वीट थापून उन्हात मांडली आणि अवकाळी पावसाची एक सर आली की पुन्हा चिखल होतो, आणि थापणाऱ्यांची आठवड्याची मेहनत ओढ्याला जाते. म्हणून हा गडी दिवाळीनंतर दर चार दिवसांनी फोन करायचा. "अण्णा, आज तुमचा फडका काय बोलतो?" मी लगेच सांगायचो नाही. म्हणायचो, थांब, बघतो. आकडा मला तोंडपाठ असायचा, तरी फोन टेबलावर ठेवून पेटीपर्यंत चालत जाऊन यायचो. मग म्हणायचो, "ओल वाढतेय बाळाराम. दोन दिवस थापू नको." माझ्या फडक्याला पाऊस कळत नव्हता, नुसती जमिनीपासून चार फुटांवरची ओल कळत होती. बाकी वाऱ्याची दिशा, माहुलीच्या डोंगरावरचे ढग आणि माझा अंदाज. दहातले सात वेळा बरोबर यायचं. तीन वेळा चुकायचं तेव्हा बाळाराम म्हणायचा, "देवाची मर्जी." माझं श्रेय मला आणि चूक देवाला, यापेक्षा चांगली नोकरी कुठली असेल?

मग निवृत्तीला सात वर्षं राहिली असताना ते आलं.

लहान कपाटाएवढं यंत्र, केंद्राच्या गच्चीवर बसवलेलं. वर एक पांढरट, पातळ, कमानीसारखा वाकवलेला पडदा आणि बाजूला पंखा. मुख्य कचेरीतून इनामदार साहेब म्हणून तरुण इंजिनियर बसवायला आले होते. त्यांनी मला समजावलं की हवेतलं पाणी, म्हणजे वाफ, स्वतःहून अगदी मंद अशा सूक्ष्म लहरी सोडत असतं. डोळ्यांना दिसत नाहीत, कानांना ऐकू येत नाहीत. हे यंत्र त्या लहरी टिपतं आणि जमिनीपासून थेट दहा किलोमीटर उंचीपर्यंत ओल कुठं किती आहे ते दर दोन मिनिटांनी सांगतं. मी दिवसातून दोनदा चार फुटांवरची ओल मोजत होतो. मनातल्या मनात मी हिशेब घातला आणि तोंड कडू झालं.

साहेब म्हणाले, "अण्णा, दोन दिवसांत सगळं शिकवतो तुम्हाला. तुमच्याइतका अनुभवी माणूस इथं दुसरा नाही."

मी म्हणालो, "साहेब, माझी निरीक्षणाची वेळ झाली." तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते.

पडदा रोज बघायचा, आठवड्याला हलक्या हातानं धुवायचा, हे तरी कोणीतरी शिकून घ्या, असं ते म्हणत राहिले. मी म्हटलं, धुण्यापुसण्याचं असेल तर मंगलला दाखवा. मंगल आमच्याकडं झाडलोट आणि फाटक बघायची, कंत्राटावर. डोंगराच्या अंगाच्या पाड्यातली, दहावीपर्यंत शिकलेली, तिशीच्या आतली. मी तिला यंत्र दिलं ते मोठ्या मनानं नव्हे. फडकं मारायचं काम आपल्या पदाला शोभत नाही म्हणून दिलं. एकतीस वर्षं फडकंच सांभाळणाऱ्या माणसानं हे म्हणावं, म्हणजे बघा.

मंगल पडदा धुवायला शिकली. पडदा धुतल्यावर आकडे कसे बदलतात हे बघायला ती खाली संगणकाजवळ यायची. मग आकडे बघता बघता तिला आलेख कळायला लागले. वर्षभरात ती इनामदार साहेबांना फोनवर सांगू लागली, "सर, दोन किलोमीटरच्या वर ओल चढाय लागलीये, पण खाली अजून कोरडं हाय." मी शेजारच्या टेबलावर बसून वहीत रेघा मारत असायचो आणि माझ्या पोटात दुखायचं. हे वाक्य मी कधीच बोलू शकलो नसतो. मला दोन किलोमीटर वरचं काय माहीत?

एका वर्षी पाऊस लांबला. आषाढ अर्धा गेला तरी रोपं सुकत होती. जवळच्या पाड्यातली पंधरावीस माणसं फाटकापाशी आली. त्यांचं म्हणणं एकच, हे यंत्र ढग ओढून घेतं, ते बंद करा. मी पुढं झालो. सूक्ष्म लहरी, वारंवारता, वाफेचे रेणू, जे जे साहेबांकडून अर्धवट ऐकलं होतं ते सगळं सांगितलं. लोक माझ्याकडं बघत राहिले. एक म्हातारी म्हणाली, "बाबा, तू काय बोलतोस ते तुला तरी कळतं काय?"

मंगल झाडू बाजूला ठेवून पुढं आली. म्हातारीला तिनं विचारलं, "आये, डोळे मिटून चुलीम्होरं बसलीस तर आंच लागते का नाय?"

"लागते की."

"मंग तू चुलीतून काय वढून घेतेस काय? चूल आपली जळते, आंच तुझ्याकडं येते. वरचं पाणीपण आपली आंच सोडतं, येवढीशी. ह्यो यंतर नुसता डोळे मिटून बसलाय. त्याला आंच लागते आणि तो आमाला सांगतो. तो कायपण वढत नाय न् कायपण सोडत नाय."

म्हातारीनं वर गच्चीकडं बघितलं. मग म्हणाली, "मंग त्याला सांग, आंच वाढली का आमालाबी सांग म्हनून." लोक गेले. तो दिवस मला अजून सलतो. इतकं चांगलं मी आयुष्यात कोणाला समजावलं नव्हतं, आणि इनामदार साहेबांनीसुद्धा मला नव्हतं.

तिथून पुढं फोन बदलले. पाड्यातले, मुरबाडचे, भाजीवाले, मोगरेवाले. आणि एका सकाळी बाळारामचा आला. मी नेहमीच्या सवयीनं म्हटलं, "थांब, बघतो." तर तिकडून बाळाराम जरा चाचरत म्हणाला, "अण्णा, तुमी कशाला उठता. मंगलताई हाये का तिथं?"

मी फोन तिच्या हातात दिला आणि बाहेर जाऊन पेटीचं दार उघडून उभा राहिलो. वाचायची वेळ नव्हती. घरी बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "मग बरंच झालं की, तुमचे फोन कमी झाले." चांगल्या बायका कधी कधी नेमकं चुकीचं बोलतात.

आता मुद्द्याची गोष्ट. निवृत्तीला सात महिने राहिले होते. खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची, अवजारांची पूजा असते, तशी केंद्रावर मी दर वर्षी माझ्या पेटीची करायचो. पेटी धुवायची, झेंडूचा हार घालायचा, हळदकुंकू वाहायचं, नारळ फोडायचा. आमच्या घरात आणखी एक रीत आहे. नवा नांगर, नवी कणगी, जे जे घरात नवीन येतं त्यावर घरातल्या वडील माणसानं हळदतेलात पंजा बुडवून छापा उठवायचा. म्हणजे ती वस्तू घरची झाली. माझ्या पेटीवर माझा छापा होता. यंत्र साडेसहा वर्षं गच्चीवर होतं, त्यावर मी कधी उठवला नव्हता.

त्या वर्षी नेमकी मंगल दोन दिवस पाड्यावर गेली होती, घरचं हळवं, लवकर पिकणारं भात कापायला आलं होतं म्हणून. जाताना मला म्हणाली, "अण्णा, यंतराची पूजा करा, पण हार बाजूच्या खांबाला घाला. वरच्या पडद्याला हात लावू नका हां."

साधं वाक्य. पडद्याला बोटांचं तेल लागलं तरी तो खराब होतो, हे खरंच होतं. पण माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ज्या बाईला मी झाडू कुठं ठेवायचा ते दाखवलं ती मला सांगते, कशाला हात लावू नका?

मी गच्चीवर गेलो. घरून आणलेल्या कापडानं पडदा पुसला, ज्या कापडानं मी पेटीच्या बिजागऱ्यांना तेल देतो त्यानंच. मग वाटीत हळद आणि तेल कालवलं आणि पडद्याच्या मधोमध पंजा उठवला. मनात म्हणालो, देवाच्या दारी पंक्तिभेद नको, पेटीला छापा तर यंत्रालाही हवा. ही मी स्वतःला सांगितलेली गोष्ट. आत दुसरंही काही होतं आणि ते मला तेव्हाच ऐकू येत होतं. बिघडलं तर बिघडू दे. दुसऱ्या दिवशी सकाळी भीती वाटली. मंगल यायच्या आत मी ओल्या कापडानं छापा पुसून काढला. पिवळा डाग गेला. पडदा पूर्वीसारखा पांढरा दिसायला लागला आणि मी सुटलो असं मला वाटलं.

पडदा कसा असतो ते सांगायला हवं. तो अळूच्या पानासारखा असतो. त्यावर पाणी टिकत नाही, थेंब घरंगळून जातात, उरलेले पंखा उडवतो. यंत्र त्या पडद्यातूनच वर बघतं. पडद्यावर पाणी चिकटून बसलं तर त्याला वाटतं आभाळातच पाणी आहे. पावसाळ्यानंतर आमच्या माळावर पहाटेचं दव इतकं पडतं की गवतातून चाललं तर गुडघ्यापर्यंत भिजायला होतं. ते दव आता पडद्यावर बसायला लागलं. सगळ्या पडद्यावर थोडं थोडं, आणि मधोमध जास्त.

मंगल परत आली आणि सकाळी संगणकावर तिला वर पाणीच पाणी दिसलं. बाहेर ऊन होतं. पण यंत्रानं तिला आजवर फसवलं नव्हतं. भाताचे फोन चालू होते. कापलेलं भात दोन दिवस शेतातच वाळत ठेवतात, त्यावर पाऊस पडला तर दाणा काळा पडतो. तिनं सांगितलं, थांबा, वर पाणी दिसतंय. लोक थांबले. पाऊस आला नाही. दुसऱ्या दिवशीही तिनं तेच सांगितलं आणि दुसऱ्या दिवशीही कडक ऊन पडलं. उभ्या पिकातला पिकलेला दाणा गळायला लागला. मग लोकांनी मला विचारलं. मी पेटी उघडली, दोन आकड्यांत चांगला फरक होता, आभाळ स्वच्छ होतं. मी म्हणालो, कापा. त्यांनी कापलं आणि भात उन्हात वाळायला लागलं. बाळारामचा फोन आला, "अण्णा, शेवटी फडका तो फडका." हे वाक्य ऐकताना मला किती बरं वाटलं ते लिहायला आज लाज वाटते, तरी लिहितो.

तिसऱ्या दिवशी मंगल आकड्यांवर विसंबून राहिली नाही. ती पहाटे उजाडता उजाडता आली आणि शिडीनं गच्चीवर चढली. मी साडेआठच्या निरीक्षणाला आलो तेव्हा ती खाली बसली होती आणि तिनं मुख्य कचेरीला फोन केलेला होता. मला एवढंच म्हणाली, "पडदा गेला, अण्णा. नवा लागंल."

इनामदार साहेब दोन दिवसांनी भल्या सकाळी आले. आम्ही तिघं गच्चीवर गेलो. ऊन अजून वर आलं नव्हतं. आणि मी बघितलं ते असं. पडद्याच्या कडांवर दवाचे थेंब सुटेसुटे होते, पण मधोमध एक पूर्ण पंजा उठलेला होता. हळद कुठंच नव्हती. पाण्याचाच पंजा. पाचही बोटं, तळव्याचा खळगा, सगळं स्वच्छ. दव तेलाच्या जागेवर चिकटून बसलं होतं आणि मी जे पुसलं होतं ते रोज पहाटे पुन्हा काढून दाखवत होतं.

साहेबांनी विचारलं, "हा हात कोणाचा?"

मंगल म्हणाली, "माझा."

साहेबांनी तिच्या हाताकडं बघितलं. तिचा हात लहान आहे. मग माझ्याकडं बघितलं. माझे दोन्ही हात पॅंटच्या खिशात होते. मला बोलायला पुष्कळ वेळ होता. साहेबांनी वही काढली, टोपण उघडलं, लिहिलं, टोपण लावलं. तेवढ्या वेळात मी काहीही बोललो नाही.

पंधरा दिवसांत दोन कागद आले. एका कागदानं मंगलला यंत्राच्या कामावरून काढलं. आठवड्यातून एकदा कल्याणहून एक तंत्रज्ञ येईल आणि तिनं पुन्हा फाटक आणि झाडलोट बघावी. कंत्राट पुढच्या वर्षी चालू ठेवायचं की नाही, ते नंतर ठरेल. दुसरा कागद माझ्या नावचा होता. यंत्राचे आकडे चुकले त्या दिवसांत पेटीची निरीक्षणं अचूक होती, त्यांच्यामुळं चूक पकडता आली, त्याबद्दल प्रशंसा. एकतीस वर्षांतलं पहिलं प्रशंसापत्र. बायकोनं ते काचेत बसवून घ्यायला काढलं. मी म्हटलं, राहू दे. ती म्हणाली, "तुमचं आपलं नेहमीचंच." तिला वाटलं मी विनय करतोय.

मला वाटलं होतं की मंगल यंत्रापासून दूर झाली की माझा जळफळाट थांबेल. तो उलट वाढला. ती अंगण झाडताना मी खिडकीतून बघायचो आणि मला तिच्या त्या एका शब्दाचा हेवा वाटायचा. 'माझा.' किती चटकन बोलली. तिला काय मिळालं बोलून? आणि मला जमलं असतं तर मी काय झालो असतो? शेवटी एके दिवशी दुपारी मी बाहेर गेलो आणि म्हणालो, "मंगल, तो हात माझा होता."

ती झाडतच राहिली. "ठावं हाय. पहाटे वर चढले तवाच कळलं. तुमच्या पेटीवं हाय ना तसाच."

"मग तू आपलं नाव का सांगितलंस? माझी निवृत्ती जवळ आली म्हणून?"

"तुमची निवृत्ती तुमच्यापाशी." तिनं झाडू भिंतीला टेकवला. "अण्णा, तुमचं नाव सांगितलं असतं तर सायेबांनी काय केलं असतं? तुमाला घालवलं असतं न् पेटी बंद केली असती. ते गेल्या साली पण बोलले व्हते, पेटीचा आता काय उपयोग म्हणून. मंग उद्या यंतर पुन्हा खोटं बोलला तर कोण सांगणार? मी दोन दिवस लोकांना खोटं सांगितलं. लोकांचं भात गळलं. तुमची पेटी खरी व्हती. म्हणून मला पेटी पायजे. तुमी नाय."

मी एकतीस वर्षं पेटी सांभाळली ती माझा मान म्हणून. एक आकडा तपासायला दुसरा आकडा लागतो, हे आमच्या धंद्याचं मूळ. ते तिला कळलं होतं आणि त्यासाठी तिनं आपलं काम घालवलं होतं. मी मात्र तेच मूळ तेलाच्या कापडानं पुसलं होतं.

"आता काय करू?" मी विचारलं.

"मला काय इचारता. कागूद तुमाला आलाय."

त्या संध्याकाळी निरीक्षण झाल्यावर मी इनामदार साहेबांना पत्र लिहिलं. छापा माझा, पडदा मी पुसला, मला मनाई केलेली होती, मंगलचा काही दोष नाही. प्रशंसापत्र सोबत जोडलं. शेवटी लिहिलं की मला जी शिक्षा करायची ती करा, पण पेटी बंद करू नका, कारण चूक पेटीनं पकडली, मी नाही. आणि माझ्यानंतर पेटी आणि यंत्र दोन्ही एकाच माणसाच्या हाती द्या, ज्याला दोन्हींचं खरंखोटं कळतं. हे शेवटचं वाक्य लिहायला मला अर्धा तास लागला. ते खरं होतं म्हणूनच लागला.

पत्र पोचल्यावर साहेबांचा फोन आला. "अण्णा, मला त्याच दिवशी शंका आली होती. वाटलं होतं, तुम्ही बोलाल."

माझ्या सेवापुस्तकात ताकीद लिहिली गेली. निवृत्तिवेतनाला धक्का लागला नाही. मंगलचं कंत्राट चालू राहिलं, यंत्र तिच्याकडं परत आलं आणि मी गेल्यावर पेटीही तिनं बघायची असं ठरलं. त्यासाठी शेवटचे तीन महिने मी तिला शिकवायचं होतं. फडकं कसं बांधायचं, बाटलीत कसलं पाणी घालायचं, तापमापक वाचताना डोळा कुठं ठेवायचा, अंगाची ऊब लागू नये म्हणून श्वास कसा धरायचा. तिनं एकदा बघितलेलं दुसऱ्यांदा विचारलं नाही. मला वाटायचं, एखादं तरी दोनदा विचारावं.

माझ्या शेवटच्या दिवशी साडेपाचचं निरीक्षण तिनं घेतलं. मी शेजारी उभा होतो. तिनं पेटीचं दार उघडलं, कोरडा वाचला, ओला वाचला, दार लावलं, कोष्टक बघितलं आणि वहीत लिहिलं. मग वही माझ्यापुढं धरली, "अण्णा, तपासून सही करा." मी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि पेटी उघडून स्वतः वाचलं. कोष्टक दोनदा बघितलं. मग सही केली. तिच्या आकड्यांत एका दशांशाचीही चूक नव्हती. मी अगदी मन लावून शोधली होती.